छोट्या रेल्वेचा मोठा शोध

स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यात धावणाऱ्या ‘ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड’ रेल्वेचे स्वतंत्र अस्तित्व १९२३ मध्ये संपले. तिच्या १२२ इंजिनांपैकी आज केवळ एक शिल्लक आहे. उरलेली पाहायची असतील, तर ती हाताने घडवावी लागतात. पण त्यासाठी लागणारे किट मिळवायचे कोठून? या प्रश्नाचे उत्तर खेळण्यांच्या दुकानात सापडत नाही.

ब्रिटनमधील रेल्वे प्रतिकृतींच्या एखाद्या मोठ्या दुकानात पाऊल टाकले, की ‘फ्लाइंग स्कॉट्समन’, ‘मॅलार्ड’ अशी नामांकित इंजिने काचेच्या कपाटात हारीने मांडलेली दिसतात. खोक्यातून काढावे, रुळांवर ठेवावे, बटण फिरवावे, की गाडी सुरू! पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात रमलेली मुले (आणि त्यांचे पालक) ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या छंदाची ओढ वेगळी समजावून सांगायला नको. परंतु ज्याचे मन एखाद्या छोट्या, विस्मृतीत गेलेल्या रेल्वेवर जडले आहे, त्याला या काचेच्या कपाटाचा फारसा उपयोग नसतो. त्याला किट शोधावे लागते, म्हणजे सुट्या भागांचा असा संच, की जो जोडून, झाळून, रंगवून त्यातून इंजिन उभे करता येईल. हा शोध किती गुंतागुंतीचा असतो, याचे ‘ग्रेट नॉर्थ’ हे बोलके उदाहरण आहे.

मोठे नाव, छोटा संसार

ही कंपनी १८४५ मध्ये ॲबर्डीन शहरात स्थापन झाली. ॲबर्डीनहून थेट इन्व्हर्नेस गाठण्याचा तिचा मनसुबा होता. पण पैशांची चणचण एवढी, की प्रत्यक्ष कामाला सुरुवात व्हायला १८५२ साल उजाडले. कंपनीने ॲबर्डीनशायर कालवाच विकत घेतला आणि त्याच्या काही भागावर लोहमार्ग टाकला. सप्टेंबर १८५४ मध्ये किटीब्रूस्टर ते हंटली हा पहिला टप्पा सुरू झाला आणि १८५६ मध्ये रूळ कीथपर्यंत पोहोचले. कीथच्या पुढचा इन्व्हर्नेसचा मार्ग मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या पदरात पडला.

नावात ‘ग्रेट’ असले, तरी या रेल्वेचा विस्तार जेमतेम ५४० किलोमीटरचा होता. पण या छोट्या संसारात विविधता मोठी होती. पीटरहेड आणि फ्रेझरबर्ग या बंदरांतून मासळी येई. स्पे नदीच्या खोऱ्यातील भट्ट्यांमधून व्हिस्कीची पिंपे निघत. ॲबर्डीनशायरची गुरे दक्षिणेकडील बाजारांत रवाना होत. बॅल्मोरल किल्ल्यावर उन्हाळा घालवायला निघालेले राजघराणे डी नदीच्या काठाने बॅलेटर स्थानकापर्यंत याच मार्गाने येई. क्रूडन बे येथे कंपनीने १८९९ मध्ये आलिशान हॉटेल उघडले आणि स्थानकापासून हॉटेलपर्यंत विजेची ट्रामही चालविली. ॲबर्डीन ते डाइस उपनगरी गाड्या १८८७ मध्ये सुरू झाल्या. १९०४ पासून बॅलेटर ते ब्रेमार या रस्त्यावर कंपनीच्या मोटारबसही धावू लागल्या.

ब्रिटिश संसदेच्या १९२१ च्या कायद्याने देशातील बहुतेक रेल्वे कंपन्यांची मोट चार मोठ्या कंपन्यांत बांधली. १ जानेवारी १९२३ रोजी ‘ग्रेट नॉर्थ’ ही ‘लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे’त विलीन झाली. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६० च्या दशकातील कपातीत बहुतेक शाखा बंद पडल्या. आज ॲबर्डीन ते कीथ एवढाच मूळ मार्ग राष्ट्रीय जाळ्यात वाहता आहे. कीथ ते डफटाऊन हा १८ किलोमीटरच्या आसपासचा तुकडा स्वयंसेवकांनी जिवंत ठेवला आहे. स्पे खोऱ्यातील जुन्या मार्गाची तर पायवाट झाली आहे.

शंभर नंबरी एकच घडण

प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने या रेल्वेचे एक वैशिष्ट्य फार महत्त्वाचे आहे. १९२३ मध्ये तिच्याकडे असलेल्या १२२ इंजिनांपैकी १०० इंजिने एकाच घडणीची होती. पुढे चार लहान चाके, मागे चार मोठी चालक चाके आणि पाठीमागे कोळसा व पाण्याचे टेंडर. मालगाडीसाठी वेगळे टेंडर इंजिन या कंपनीने त्या काळात ठेवलेच नव्हते. सकाळी मासळीची वाघीण ओढणारे इंजिन दुपारी प्रवासी गाडीला जुंपले जाई. उरलेल्या २२ इंजिनांत शाखामार्गांवर, यार्डात आणि ॲबर्डीनच्या गोदीत वावरणारी टँक इंजिने होती.

याचा एक फायदा असा, की दोन-तीन प्रकारची किट हाती लागली, तरी या रेल्वेचे कोणतेही स्थानक बऱ्यापैकी खरे भासेल असे उभे करता येते. तोटा असा, की ही इंजिने दुसऱ्या कंपन्यांकडे जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे त्यांचा ग्राहकही बहुधा ‘ग्रेट नॉर्थ’चा चाहता तेवढाच.

येथेच बाजाराचे गणित आड येते. तयार प्रतिकृतीसाठी प्लास्टिक ओतण्याचे पोलादी साचे बनवावे लागतात. हा खर्च अफाट असतो आणि हजारो प्रती खपल्या तरच तो भरून निघतो. म्हणून कारखानदार असे इंजिन निवडतो, की जे देशभर धावले, अनेकांनी पाहिले आणि अनेक रंगांत विकता येईल. स्कॉटलंडच्या वाट्यालाही असे भाग्य आले. कॅलेडोनियन रेल्वेच्या १२३ क्रमांकाच्या प्रसिद्ध इंजिनाची प्रतिकृती ट्रायंग कंपनीने १९६३ मध्येच बाजारात आणली. पण ते इंजिन मुळातच मानाचे. ॲबर्डीनच्या गोदीत दिवसभर वाघिणी ढकलणाऱ्या छोट्या इंजिनासाठी कोणी पोलादी साचा कापत नाही.

डब्यांबाबत कारखानदारांनी मधला मार्ग काढून पाहिला. इंग्लंडमधील हॅटन्स या विक्रेत्याने २०१९ मध्ये चार आणि सहा चाकी डब्यांची मालिका जाहीर केली. हे डबे कोणत्याही एका कंपनीचे नाहीत, पण अनेक कंपन्यांच्या जुन्या डब्यांशी त्यांचे साधर्म्य आहे. हॉर्न्बीनेही असेच डबे आणले. लांबून पाहणाऱ्याचे त्याने समाधान होते. खिडक्या मोजणाऱ्याचे होत नाही. हॅटन्सने २०२४ मध्ये व्यवसाय गुंडाळला, यावरून मोठ्या विक्रेत्यांनाही हा धंदा किती अवघड झाला आहे, हे दिसते.

आधी माप ठरवा

किटच्या शोधात पहिली चूक होते ती मापाची. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित माप ‘ओओ’ हे आहे. प्रत्यक्षातील एक फूट म्हणजे प्रतिकृतीतील चार मिलिमीटर, असा त्याचा हिशेब. त्यानुसार ‘ग्रेट नॉर्थ’च्या इंजिनाचे सहा फूट एक इंच व्यासाचे चालक चाक सुमारे २४ मिलिमीटरचे होते, रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे. पण या मापात एक ऐतिहासिक विसंगती आहे. रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर धरले जाते. प्रत्यक्षातील चार फूट साडेआठ इंचांचा रूळ या हिशेबाने चार फूट दीड इंचाचाच उरतो. त्यामुळे समोरून पाहताना इंजिनाचे पाय जवळ घेतल्यासारखे दिसतात.

हे न रुचलेल्यांनी त्याच चार मिलिमीटर मापात १८.२ मिलिमीटरचा ‘ईएम’ आणि १८.८३ मिलिमीटरचा ‘पी-४’ असे अधिक काटेकोर रूळ स्वीकारले. ज्यांच्याकडे ऐसपैस जागा आहे ते सात मिलिमीटरच्या ‘ओ’ मापाकडे वळतात. सदनिकेत राहणाऱ्यांना ‘एन’ हे चिमुकले माप सोयीचे ठरते. छोट्या रेल्वेचे किट बहुधा एखाद्याच मापात निघालेले असते. किट हाती आल्यावर मापाचा विचार करणाऱ्याला म्हणूनच पश्चात्ताप होतो.

पत्रा, ओतीव धातू आणि आम्ल

किट म्हणजे नेमके काय? जुन्या पिढीतील किट ‘व्हाइट मेटल’ची असत. कथील, शिसे, अँटिमनी अशा धातूंचे हे मिश्रण फिरत्या रबरी साच्यात ओतले जाते. साचा स्वस्त असल्यामुळे शे-दोनशे प्रतींसाठीही तो परवडतो. भाग जड असल्याने इंजिन रुळांना घट्ट धरून राहते. पण हा धातू इतक्या कमी उष्णतेला वितळतो, की नेहमीच्या तापमानाची डाग देण्याची सळई टेकताच धुरांड्याचा गोळा व्हावा. त्यासाठी सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणारी खास झाळण वापरतात किंवा भाग सरळ चिकटवतात.

दुसरा प्रकार आम्लाने कोरलेल्या पत्र्याचा. पूर्वी वृत्तपत्रांच्या छपाईसाठी छायाचित्रांचे जस्ताचे ब्लॉक ज्या पद्धतीने बनत, त्याचीच ही भावंड म्हणावी. पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या पातळ पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देतात, रेखाचित्राची फिल्म ठेवून त्यावर प्रकाश पाडतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाने खाऊन टाकतात. जेथे पत्रा अर्धाच खाल्ला जातो, तेथे घडीची रेघ किंवा उठावाचे नक्षीकाम तयार होते. डब्याच्या कडेवरील नाजूक पट्ट्या, इंजिनाच्या पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी असे सारे एका सपाट पत्र्यावर मिळते. तो कापून, वाकवून, डाग देऊन इंजिनाचा आकार द्यायचा असतो. नवख्याला हे काम कठीण जाते, पण हात बसला की याइतके नेमके काम दुसऱ्या कशाने होत नाही, असे जाणकार मानतात.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. अशा किटच्या खोक्यात बहुधा चाके, मोटर आणि दंतचक्रे नसतातच. ती ॲलन गिब्सन, मार्किट्स, स्लेटर्स अशा निराळ्या उत्पादकांकडून मागवावी लागतात. अंक आणि अक्षरांचे ठसे वेगळे, नावाची कोरीव पट्टी वेगळी. किटची छापील किंमत म्हणजे निम्माच हिशेब, असे समजून चाललेले बरे.

आधी कागद, मग पितळ

किट हाती आले, तरी ते अचूक असेलच असे नाही. म्हणून जाणकार आधी कागदपत्रे जमवितात. १९६४ मध्ये स्थापन झालेली ‘ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वे असोसिएशन’ ही या बाबतीत पहिली पायरी. इतिहासप्रेमी, जुने कर्मचारी आणि प्रतिकृतीकार यांना जोडणाऱ्या या संस्थेने नियतकालिक आणि पुस्तिकांमधून या रेल्वेची माहिती साठवून ठेवली आहे. एडिनबरा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात रेल्वेचे आराखडे आहेत. ॲबर्डीन विद्यापीठाकडे जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या छायाचित्र संस्थेच्या हजारो काचेच्या प्लेटा आहेत. त्यांतून त्या काळातील शहरे, बंदरे आणि रस्ते दिसतात.

इंजिनांच्या मूळ आराखड्यांचा माग काढताना एक धागा भारतापर्यंत येतो. ‘ग्रेट नॉर्थ’ने आपली सहा इंजिने १९२० मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीकडून घेतली. हीच कंपनी जीआयपी रेल्वेसह भारतातील अनेक रेल्वेंना इंजिने पुरवीत असे. ती १९६२ मध्ये बुडाली, पण तिचे आराखडे ग्लासगोतील संग्रहांनी सांभाळले. ॲबर्डीनशायरच्या इंजिनाचा शोध घेणारा आणि घाटातल्या इंजिनाचा शोध घेणारा, असे दोघेही एकाच शहराच्या दारात उभे राहतात, ते यामुळे.

कागदाचे महत्त्व बारकाव्यांत कळते. एकेरी मार्गावर समोरासमोर धडक होऊ नये म्हणून चालकाकडे त्या टप्प्याचे ‘टॅब्लेट’ असणे सक्तीचे असे. धावत्या गाडीतून ते हाताने झेलताना कर्मचाऱ्यांना इजा होत. कंपनीचे इंजिन अधीक्षक जेम्स मॅन्सन यांनी १८८० च्या दशकात ही देवाणघेवाण आपोआप करणारे यंत्र तयार केले. माणसांची इजा टळावी म्हणून त्याचे स्वामित्वहक्क त्यांनी घेतले नाहीत. या यंत्राचा छोटासा भाग चालकाच्या खोलीच्या बाजूला बसविलेला असे. किटमध्ये तो नसेल, तर इंजिन दिसायला पूर्ण असूनही ‘ग्रेट नॉर्थ’चे होत नाही.

हिरव्या रंगाचा सापळा

सर्वांत मोठा सापळा मात्र त्या एकमेव शिल्लक इंजिनानेच लावून ठेवला आहे. क्रमांक ४९, ‘गॉर्डन हायलँडर’. १९२० साली बांधलेले हे इंजिन १९५८ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर त्याला ‘ग्रेट नॉर्थ’चा देखणा हिरवा रंग देण्यात आला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याने हौशी प्रवाशांच्या विशेष गाड्या ओढल्या. पुढे ते ग्लासगोच्या वाहतूक संग्रहालयात गेले आणि कालांतराने बोनेस येथील रेल्वे संग्रहालयात पोहोचले.

त्याची छायाचित्रे पाहून कोणीही प्रतिकृती हिरवीच रंगवील. पण हिरवा रंग हा विल्यम पिकर्सगिल यांच्या काळातला. १९१४ मध्ये त्यांच्या जागी टी. ई. हेवुड आले आणि त्यांच्या कारकिर्दीत इंजिने काळी झाली. ‘गॉर्डन हायलँडर’ कारखान्यातून बाहेर पडले तेच काळे. म्हणजे संग्रहालयातील अस्सल इंजिनावरचा रंग त्याने आपल्या नोकरीच्या काळात कधी अंगावर घेतलाच नव्हता!

क्रमांकांचेही तसेच. हे इंजिन आधी ४९ होते, विलीनीकरणानंतर ६८४९ झाले, १९४६ च्या फेरक्रमांकनात २२७७ आणि राष्ट्रीयीकरणानंतर ६२२७७. शिवाय विलीनीकरणानंतर ‘डी-४०’ या एका वर्गात दोन प्रकार एकत्र आले: आधीची ‘व्ही’ वर्गातील १३ बिननावाची इंजिने आणि नंतरची ‘एफ’ वर्गातील आठ नामधारी इंजिने. खोक्यावर नुसते ‘डी-४०’ लिहिलेले किट घेताना ते नेमक्या कोणत्या प्रकाराचे आणि कोणत्या सालातले, हे विचारायलाच हवे. साल ठरले नाही, तर रंग, क्रमांक आणि नाव यांपैकी एक तरी चुकणार हे नक्की.

कारागीर थांबला, की किटही थांबते

छोट्या रेल्वेची किट बनविणारे उद्योग नावालाच उद्योग असतात. घरामागच्या खोलीत एक माणूस, कधी त्याला पत्नीची मदत, रेखाचित्रे स्वतःची आणि कोरीव काम बाहेरच्या कारखान्याकडून करून घेतलेले. बहुतेकांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर हौसेखातर सुरुवात केलेली. वय झाले, हात थरथरू लागला किंवा प्रकृतीने साथ सोडली, की मालिका थांबते. कधी दुसरा हौशी कारागीर फिल्म आणि साचे विकत घेतो. कधी ते माळ्यावरच राहून जातात. रबरी साचे वर्षानुवर्षे टिकत नाहीत आणि रेखाचित्राची फिल्म हरवली, तर अनेक वर्षांचे संशोधन तिच्याबरोबर जाते.

म्हणून अशा किटचा शोध पुष्कळदा जुन्या बाजारात संपतो. प्रदर्शनांतील संस्थांच्या टेबलांवर दिवंगत सभासदांचे संग्रह विक्रीस मांडलेले असतात. ‘सवडीने करू’ म्हणून जपून ठेवलेली आणि कधीच न उघडलेली खोकी त्यात सापडतात. घेणाऱ्याने खोके उघडून पत्र्यांची संख्या मोजावी आणि सूचनापत्रिका आहे का ते पाहावे. एखादा भाग गहाळ असेल, तर तो पुन्हा मिळण्याची शक्यता कमीच.

त्रिमितीय छपाईने अलीकडे नवी आशा दाखविली आहे. संगणकावर एकदा आकार रचला, की रेझिनमध्ये एक प्रत छापायलाही साच्याची गरज उरत नाही. पाच ग्राहक असले तरी चालते. ॲबर्डीनच्या गोदीतील इंजिनाला इतकी चांगली संधी पूर्वी कधी नव्हती. मात्र छापील अंग हलके असते. त्यात शिशाचे वजन घालावे लागते आणि चौकट बहुधा धातूचीच करावी लागते. शिवाय संगणकावरचा आकार कशावरून रचायचा? त्यासाठी पुन्हा तोच जुना आराखडा आणि तेच छायाचित्र लागते. तंत्र बदलले तरी माहितीला पर्याय नाही.

याची गरज सेंट कॉम्ब्सच्या उदाहरणावरून पटते. फ्रेझरबर्गहून सेंट कॉम्ब्स या मच्छीमार गावाकडे १९०३ मध्ये सुमारे आठ किलोमीटरची शाखा सुरू झाली. खर्च वाचावा म्हणून तिला कुंपण घातले नव्हते. त्यामुळे तेथील इंजिनांना पुढून गुरे बाजूला सारणारी जाळी बसवावी लागे. ब्रिटनमध्ये हे दृश्य दुर्मीळच. १९६५ मध्ये ही शाखा बंद झाली. त्या मार्गावर धावणारे ‘ग्रेट नॉर्थ’चे एकही टँक इंजिन आज कोणत्याही संग्रहालयात नाही. कोणाच्या तरी टेबलावर, हाताने डाग देऊन उभे केलेले, पुढे इवलीशी जाळी लावलेले बोटभर इंजिन एवढेच आता त्याचे त्रिमितीय रूप. ते किट पुन्हा निघाले नाही, तर तेही राहणार नाही.

चौकट : शोध घेण्यापूर्वी

• साल ठरवा. १९१४ पूर्वीची हिरवी, नंतरची काळी की १९२३ नंतरची विलीन झालेली रेल्वे, यावर सारे अवलंबून.

• माप ठरवा आणि मगच किट पाहा.

• आधी संस्थेचे सभासद व्हा. आराखडे, छायाचित्रे आणि बंद पडलेल्या किटची माहिती तेथेच मिळते.

• पहिले किट इंजिनाचे नको. एखादी वाघीण करून हात बसवा.

• चाके, मोटर, दंतचक्रे, अंकांचे ठसे यांचा खर्च आधीच जमेस धरा.

• संग्रहालयातील रंगावर विसंबू नका. त्या काळातील नोंद पाहा.